मुंबईला निघालेली जावा: समुद्री लढाईचं जुनं चित्र कसं वाचावं

जुन्या वस्तूंच्या दुकानात, एखाद्या क्लबच्या जिन्यात किंवा इंग्रजी आमदनीतल्या बंगल्याच्या दिवाणखान्यात असं चित्र तुम्ही पाहिलं असेल. काळपट लाकडी चौकट, पिवळा पडलेला कागद, तीन-तीन डोलकाठ्यांची दोन जहाजं, मधे धुराचा लोट आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांच्या तीन-चार ओळी. आपण "छान आहे" म्हणतो आणि पुढे जातो. तसं पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्या काळात फोटो नव्हता, बातमीसोबत चित्र छापण्याची सोय जवळजवळ नव्हती. समुद्रावर काय घडलं ते जमिनीवरच्या माणसाला दिसायचं ते अशाच छापील चित्रांतून. त्यामुळे ते शोभेचं चित्र तर आहेच, पण त्याच वेळी ती एक साक्षही आहे. साक्ष म्हटली की ती कोणाची, कोणाच्या बाजूने आणि तिच्यात काय सांगायचं राहून गेलं, हे विचारावंच लागतं.

हे सगळं नीट समजावं म्हणून एकच चित्रमालिका घेऊ. १ जानेवारी १८१४ ही तारीख छापून लंडनमध्ये चार चित्रांचा एक संच प्रसिद्ध झाला. विषय होता ब्रिटिश फ्रिगेट 'जावा' आणि अमेरिकन फ्रिगेट 'कॉन्स्टिट्यूशन' यांची लढाई. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात तेव्हा युद्ध चालू होतं. ती झाली २९ डिसेंबर १८१२ रोजी, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, साल्वादोर बंदरापासून काही कोसांवर. हा संच निवडण्याचं कारण शेवटाकडे कळेल. आत्ता एवढंच सांगतो, की जावा मुंबईला निघाली होती.

आधी 'फ्रिगेट' म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या आरमारात सगळ्यात मोठी जहाजं दोन किंवा तीन मजली तोफांची असत. ती रांग धरून लढायची. फ्रिगेट त्याहून लहान. तिच्यात तोफांचा एकच पूर्ण मजला असे, वर उघड्या भागात आणखी काही तोफा. शिडं मात्र भरपूर, म्हणून ती वेगवान. टेहळणी करणं, व्यापारी जहाजांना संरक्षण देणं, शत्रूची व्यापारी जहाजं पकडणं, टपाल आणि मोठे अधिकारी पोचवणं ही तिची कामं. आपल्याकडच्या गुराबा, म्हणजे मराठा आरमारातली लढाऊ गलबतं, किनाऱ्यालगत लढण्यात वाकबगार होत्या. फ्रिगेट महिनोन् महिने भर समुद्रात एकटी राहू शकेल अशा बेताने बांधलेली असायची. दोन फ्रिगेटी एकमेकींसमोर आल्या की मदतीला दुसरं कोणी नसायचं. म्हणूनच अशा लढायांची चित्रं खपायची. त्यात गोष्टीला हवी असते तशी दोनच पात्रं असतात.

खालच्या ओळी आधी वाचा

चित्र हातात आलं की नजर जहाजांवर जाते. ती थोडी खाली आणा. चित्राच्या कडेला लागून डावीकडे बहुधा चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे तांब्यावर काम करणाऱ्या कारागिराचं. आपल्या संचात चित्रकार आहे निकोलस पोकॉक आणि कारागीर आहेत आर. आणि डी. हॅवेल. शिवाय आणखी एक मोलाची नोंद आहे. ही चित्रं लेफ्टनंट ब्युकॅनन यांच्या रेखाटनावरून काढली, असं तिथेच लिहिलेलं आहे. ब्युकॅनन जावावरचा अधिकारी होता.

म्हणजे साखळी अशी. लढाईतल्या माणसाने कच्चं रेखाटन केलं. त्यावरून लंडनमध्ये बसलेल्या चित्रकाराने चित्र केलं. त्यावरून कारागिरांनी तांब्याचे पत्रे तयार केले आणि पत्र्यांवरून कागद छापले. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळालं असणार, काहीतरी भर पडली असणार.

पोकॉक मात्र ऐकीव माहितीवर जहाजं काढणाऱ्यांतला नव्हता. ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा, जन्म १७४०चा. तरुणपणी तो स्वतः व्यापारी जहाजांचा कप्तान होता आणि जहाजाच्या रोजनिशीत रोजच्या हवामानाच्या नोंदींसोबत जहाजाचं चित्र काढायचा. १७९४च्या १ जूनला ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली, तेव्हा तो 'पेगॅसस' या फ्रिगेटवर हजर होता. जावाची चित्रं त्याने केली ती वयाच्या सत्तरीनंतर. कोणता दोर कुठून कुठे जातो, डोलकाठी मोडल्यावर शिडाचा पसारा पाण्यात कसा लोंबतो, हे त्याला हातातल्या रेषांसारखं ठाऊक होतं.

खालच्या ओळींत तारीख आणि प्रकाशकाचं नाव का असतं? कायद्यामुळे. १७३५ साली इंग्लंडमध्ये कोरीव चित्रांच्या मालकी हक्काचा कायदा झाला. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या चित्रांच्या चोरट्या नकला सर्रास निघत होत्या. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पाठपुरावा केला म्हणून हा कायदा आला. हक्क हवा असेल तर प्रत्येक प्रतीवर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख छापणं बंधनकारक झालं. त्या नियमाचा फायदा आज आपल्याला होतो. चित्र कधीचं, हे चित्रच सांगतं.

आता मुख्य मजकूर. या संचाच्या ओळींत तास आणि मिनिटंसुद्धा दिलेली आहेत: इतके वाजून इतक्या मिनिटांनी जावाची स्थिती अशी होती. वाचताना वाटतं की किती काटेकोर! पण ती वेळ जावावरच्या घड्याळाची. प्रत्येक जहाज आपापली वेळ सूर्यावरून लावायचं आणि दोन जहाजांच्या नोंदींत फरक पडायचाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही वेळ हरलेल्या बाजूने सांगितलेली आहे.

हो, ही हरलेल्यांनी छापलेली चित्रं आहेत, आणि मला ती त्यामुळेच जास्त बोलकी वाटतात. पराभवाची चित्रं लंडनमध्ये कोण विकत घेईल, असा प्रश्न पडतो. उत्तर चित्रांच्या क्रमात आहे. पहिल्या चित्रापासून चौथ्यापर्यंत जावाची अवस्था टप्प्याटप्प्याने बिघडत जाते. एकात तिच्या डोलकाठ्या गेलेल्या, कॉन्स्टिट्यूशन तिच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, आडवी जाते आहे. शेवटच्यात जावा पेटून उडते आहे आणि दूरवर शत्रूची फ्रिगेट आपली दोर-शिडं दुरुस्त करत थांबली आहे. हरलो खरे, पण शेवटची काठी पडेपर्यंत हरलो नाही, असं हा संच सांगतो. लढाईत वाचलेल्या अधिकाऱ्यांवर रिवाजाप्रमाणे लष्करी खटला चालला होता आणि १८१३ मध्ये ते सन्मानाने सुटले होते. चित्रं त्यानंतरची. न्यायालयात झालेला युक्तिवाद इथे रंगांत पुन्हा मांडलेला आहे.

राळ, तेजाब आणि तांबं

असं चित्र छापायच्या पद्धतीला ॲक्वाटिंट म्हणतात. नाव परकं असलं तरी पद्धत समजायला अवघड नाही, आणि ती एकदा समजली की चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते.

तांब्याचा एक जाड पत्रा घ्यायचा, ठोकून आणि घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. त्यावर जहाजांच्या रेषा, दोर, काठ्या सुईने आणि तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, आधी उतरवायच्या. इथे पहिली अडचण येते. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं: वारा उलटा, झेंडे उलटे, अक्षरंही उलटी. नुसत्या रेषांनी आभाळ, धूर, पाण्याची सावली दाखवता येत नाही. त्यासाठी राळ लागते.

राळेची अगदी बारीक भुकटी बंद पेटीत उडवायची आणि तिच्याखाली पत्रा ठेवायचा. दार बंद ठेवलेल्या खोलीत टेबलावर धूळ बसते तशी ती पत्र्यावर हलकेच बसते. मग पत्रा खालून तापवायचा. राळेचे कण वितळून जागच्या जागी चिकटतात. रांगोळी चाळणीतून भुरभुरावी आणि प्रत्येक कण तिथेच घट्ट बसावा, तसं. आता पत्रा तेजाबात बुडवला की तेजाब राळेच्या कणांना हात लावत नाही, कणांमधल्या उघड्या तांब्याला मात्र खातं. पत्र्यावर डोळ्याला जेमतेम दिसणारी खड्ड्यांची जाळी तयार होते. त्या खड्ड्यांत शाई धरते.

खरी कला इथून पुढे आहे. जिथे कागद पांढराच राहायला हवा, म्हणजे शिडाचा उजेडातला भाग, ढगाची कड, लाटेचा फेस, तिथे कारागीर आधीच रोगण लावून पत्रा झाकून टाकतो. मग पत्रा थोडाच वेळ तेजाबात. बाहेर काढून धुवायचा आणि जिथे फिकट राखाडी छटा पुरे आहे तो भाग रोगणाने झाकायचा. पुन्हा तेजाब. पुन्हा झाकणं. असं करत करत सगळ्यात गडद जागा, म्हणजे तोफांची भोकं, जहाजाच्या पोटाची सावली, धुराचा बुडखा, सगळ्यात जास्त वेळ तेजाबात राहतात. वेळ जास्त तर खड्डा खोल, खड्डा खोल तर शाई जास्त, शाई जास्त तर काळेपणा जास्त. चित्रातली प्रत्येक छटा म्हणजे तेजाबात गेलेला वेळ. एकदा जास्त खाल्लं गेलं की ते परत आणणं फार कष्टाचं, म्हणून कारागिराला आधीपासून सगळं चित्र छटांच्या पायऱ्यांत डोक्यात ठेवावं लागे. हॅवेल कुटुंबाची या कामात ख्याती होती. पुढे ऑडबॉन या अमेरिकेतल्या पक्षी-चित्रकाराच्या प्रचंड चित्रसंग्रहाचं कामही याच कुटुंबाकडे गेलं.

छापताना पत्र्यावर शाई चोळायची, वरची शाई कापडाने आणि तळहाताने पुसून काढायची, खड्ड्यांतली तेवढी राहू द्यायची. ओलसर कागद वर ठेवून, त्यावर जाड लोकरीचं कापड घालून दोन रुळांमधून दाबून काढायचा. इतका दाब असतो की पत्र्याची कड कागदात रुतते आणि चित्राभोवती चौकोनी खोलगट खूण राहते. बोट फिरवलं की ती जाणवते. रंग शेवटी, बहुतेकदा हाताने, कुंचल्याने. त्यामुळे एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. एकीचं आभाळ निळसर, तर दुसरीचं पिवळ्याकडे झुकलेलं.

ही राळेची जाळी मी पहिल्यांदा पाहिली ती सोनाराच्या भिंगातून. नुसत्या डोळ्याला जो धूर सलग राखाडी दिसत होता, तो भिंगाखाली एकदम फुटला. उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या तळासारखी वेडीवाकडी भेगाळ नक्षी, एकाही कणाला दुसऱ्यासारखा आकार नाही. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने एका दुकानातून "अस्सल जुनं" म्हणून घेतलेलं चित्र दाखवलं. भिंग लावलं, तर ओळीत उभे असलेले गोल ठिपके: निळे, गुलाबी, पिवळे, काळे. वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसेच. ते विसाव्या शतकातलं छापील पुनर्मुद्रण होतं. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी त्या चित्रावर जीव लावला होता. म्हणून आवर्जून सांगतो: पैसे देण्याआधी भिंग मागा. चित्र चौकटीतून काढू देत नसतील तर थांबा. कागद उजेडासमोर धरा. इंग्लंडमध्ये १७९४ पासून कागदाच्या आतल्या पाणखुणेत साल घालायची पद्धत पडली होती. कागदावर १८१९ची पाणखूण आणि खाली छापील तारीख १८१४ची, असं दिसलं तर पत्रा जुनाच आहे, पण ही प्रत नंतर काढलेली आहे. ती खोटी नाही, पण पहिल्या खेपेची नाही. आणि दाबाची खूण दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, ती नकली चित्रावरही मुद्दाम उमटवता येते.

वारा कुठून येतो?

आता जहाजांकडे. समुद्री लढाईचं चित्र वाचायची किल्ली एकच: वारा शोधा. झेंडे कुठल्या दिशेला फडकतायत, धूर कुणाकडे वाहतोय, ते पाहा. ज्या जहाजाच्या अंगावर धूर येतो ते वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तिथल्या गोलंदाजांना स्वतःचा आणि शत्रूचा, दोन्हींचा धूर डोळ्यांत. वरच्या बाजूचं जहाज हवं तेव्हा जवळ येऊ शकतं. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही, तिरपं-तिरपं वळणं घेत चढावं लागतं. म्हणून लढाईच्या आधीचे तास-दोन तास नुसते जागा पकडण्यात जात.

पुढची गोष्ट, जहाज शत्रूला कोणती बाजू दाखवतंय. तोफा जहाजाच्या दोन्ही अंगांना असतात, तोंडाला आणि पाठीला फार थोड्या. अंगाचं लाकूड जाड असतं. पिछाडीला मात्र कप्तानाच्या दालनाच्या काचेच्या खिडक्या. तुम्ही शत्रूच्या नाळेसमोरून किंवा पिछाडीमागून आडवे गेलात, तर तुमच्या एका अंगाच्या सगळ्या तोफा त्याच्यावर चालतात आणि त्याची जवळजवळ एकही तुमच्यावर चालत नाही. शिवाय गोळा आत शिरला की जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाळीस-पंचेचाळीस मीटर, वाटेत येईल ते कापत जातो. माणसं गोळ्यापेक्षा लाकडाच्या उडालेल्या धारदार ढलप्यांनी जास्त जखमी व्हायची. चित्रात एक जहाज दुसऱ्याच्या टोकासमोर आडवं दिसलं की समजावं, आत या क्षणी काय चाललं असेल. चित्रकार ते दाखवत नाही. बाहेरून फक्त धूर दिसतो.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की जावाची लढाई सरळ उलगडते. जावा वेगाने सरस होती. दुपारी दोनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या आणि पहिला तासभर ती कॉन्स्टिट्यूशनच्या नाळेसमोर किंवा पिछाडीमागे जायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली. सुरुवातीलाच जावाच्या गोळ्याने कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक उडालं. तिचा कप्तान विल्यम बेनब्रिज दोनदा जखमी झाला, तरी डेकवर उभा राहिला. सुकाणू आता खालच्या मजल्यांवरून दोरांनी ओढून फिरवायचं आणि वरून दिलेला हुकूम तोंडातोंडी खाली पोचवायचा, अशी लढाई त्याने पुढे चालवली.

मग जावाच्या नाळेवरून पुढे आलेली काठी तुटली. चित्रात ही काठी अगदी किरकोळ वाटते, पण तिच्यावरची त्रिकोणी शिडं जहाजाचं तोंड वळवतात. ती गेल्यावर जावाचा वेग कामाचा राहिला नाही, कारण वळताच येईना. तिचा कप्तान हेन्री लँबर्ट याने शेवटचा मार्ग धरला: शत्रूच्या जहाजाला भिडायचं आणि माणसं चढवायची. जावा पुढे सरली, काठीचा उरलेला तुकडा कॉन्स्टिट्यूशनच्या मागच्या दोरखंडांत अडकला, आणि तेवढ्यात जावाची पुढची डोलकाठी कोसळली. थोड्याच वेळात डोलकाठीवरच्या अमेरिकन नेमबाजाची गोळी लँबर्टच्या छातीत लागली. हेन्री ड्यूसी चॅड्स या पहिल्या लेफ्टनंटने, स्वतः जखमी असताना, सूत्रं हाती घेतली. मागची डोलकाठी गेली. कॉन्स्टिट्यूशन दुरुस्तीसाठी जरा दूर झाली, तेवढ्या वेळात जावाच्या लोकांनी मोडतोड तोडून पाण्यात लोटली आणि उरल्यासुरल्या काठ्यांवर शीड बांधायची धडपड केली. मधली डोलकाठीही गेली. साडेपाचच्या आसपास कॉन्स्टिट्यूशन परत येऊन नाळेसमोर आडवी उभी राहिली, तेव्हा चॅड्सने झेंडा उतरवला. लँबर्ट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साल्वादोरमध्ये वारला.

जावा का हरली? चित्राखालच्या ओळी याचं उत्तर देत नाहीत. जावा '३८ तोफांची' आणि कॉन्स्टिट्यूशन '४४ तोफांची' म्हटली जायची, पण हे आकडे म्हणजे वर्गाची नावं. प्रत्यक्षात दोघींवर त्याहून जास्त तोफा होत्या. खरा फरक गोळ्याच्या वजनात होता. जावाच्या मुख्य मजल्यावरचा गोळा १८ पौंडांचा, म्हणजे साधारण ८ किलो, तर कॉन्स्टिट्यूशनचा २४ पौंडांचा, जवळपास ११ किलो. तिचं लाकूडही जास्त जाड होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'गेरियर' या ब्रिटिश फ्रिगेटीशी झालेल्या लढाईत गोळे तिच्या अंगावरून उसळताना पाहून खलाशांनी तिला लोखंडी अंगाची म्हटलं होतं. आणि जावाचे खलाशी नवखे होते. लढाईच्या आदल्या दिवशीपर्यंत त्यांना तोफांचा सराव जवळजवळ दिलाच नव्हता, असं ब्रिटिश इतिहासकारांनीच नोंदवलं आहे.

मृतांच्या आकड्यांवरही एकमत नाही. ब्रिटिश अहवालात जावाचे २२ मृत आणि १०२ जखमी आहेत, बेनब्रिजच्या मते मृत सुमारे ६०. चित्रात तर एकही मृत माणूस ओळखू येत नाही. जहाजं जखमी दिसतात, माणसं दिसत नाहीत. या चित्रप्रकाराची ही मर्यादा मला नेहमी बोचते.

१८१२ या एकाच वर्षात ब्रिटिशांच्या तीन फ्रिगेटी अमेरिकनांकडून अशा एकास एक लढायांत गेल्या. पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदल खात्याने हुकूमच काढला, की अमेरिकेच्या मोठ्या फ्रिगेटींशी आपल्या फ्रिगेटीने एकट्याने लढू नये.

पोटात काय होतं

आता मुंबईचं. हिंदुस्थानला निघालेलं जहाज ब्राझीलजवळ काय करत होतं? वारे तसेच वाहतात म्हणून. अटलांटिक महासागरात आफ्रिकेच्या कडेकडेने दक्षिणेला जाणं शिडाच्या जहाजाला फार जड. म्हणून आधी पश्चिमेला ब्राझीलकडे झुकायचं आणि तिथून दक्षिणेचे पश्चिमी वारे पकडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा. लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजंही हाच वळसा घेत. जावा पाणी भरून घ्यायला साल्वादोरकडे वळली आणि कॉन्स्टिट्यूशनला दिसली.

तिच्या पोटात तांब्याचे पत्रे होते. मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या एका मोठ्या युद्धनौकेच्या आणि आणखी दोन लहान जहाजांच्या तळांना ठोकण्यासाठी. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे जहाजाचा तळ चाळणीसारखा करतात, शेवाळ आणि शिंपले चिकटून वेग मारतात. पातळ तांबं ठोकलं की दोन्ही त्रास टळतात. सागवान मुंबईत मिळत होतं, कारागीर मुंबईत होते, तांब्याचे तयार पत्रे मात्र इंग्लंडहून यायचे होते. ती मोठी युद्धनौका म्हणजे 'कॉर्नवॉलिस'. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली, १८१३च्या मे महिन्यात पाण्यात उतरलेली. १८४२ साली चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच मुंबईच्या सागवानी जहाजावर.

जावावर कागदही होते. मुंबईत बांधायच्या एका नव्या फ्रिगेटीचे आराखडे तिच्यासोबतच गेले आणि दुसरे पाठवावे लागले. ती फ्रिगेट, 'त्रिंकोमाली', वाडियांच्याच हातून १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईत पाण्यात उतरली.

आणि जावावर एक प्रवासी होता, लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. अमेरिकन लिखाणात त्याला मुंबईचा नियोजित गव्हर्नर म्हटलेलं सापडतं. गव्हर्नर तेव्हा सर इव्हान नेपियन होता. हिस्लॉप येत होता तो मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून. पकडला गेला, पुन्हा न लढण्याच्या वचनावर सुटला, इंग्लंडला परतला आणि नंतर मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला. २१ डिसेंबर १८१७ला शिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती तोच. फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशात तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या दाराशी गोंधळात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर आतली शिबंदी कापून काढली गेली, आणि किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिलं. त्या फाशीबद्दल इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले. ब्राझीलच्या समुद्रावर त्या दुपारी जावाच्या डेकवर उभा असलेला हा माणूस आपल्या इतिहासात असा आला.

जावा इतकी मोडली होती की तिला ओढून नेणं शक्य नव्हतं. बेनब्रिजने कैदी उतरवून घेतले, उडून गेलेल्या चाकाच्या जागी जावाचं सुकाणूचं चाक काढून आपल्या जहाजावर बसवलं आणि तिला आग लावली. संचातलं चौथं चित्र त्या आगीचं आहे. कॉन्स्टिट्यूशन आज बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे, आणि मुंबईची त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. चौथं चित्र कधी समोर आलं तर भिंग धुराच्या बुडाशी न्या, जिथे पत्रा सगळ्यात जास्त वेळ तेजाबात होता. मुंबईच्या गोदीत ज्याची वाट पाहत होते ते तांबं तिथे, त्या काळोखात आहे.